पोह्यांच्या बैठकीत मुलीनेच विचारलं: मूल झाल्यावर रजा कोण घेणार?

भांडुपचा_मोठा (धागाकर्ता)

मंडळी, घरात आठवडाभर धुमसतंय म्हणून इथे टाकतोय.

धाकट्या भावाचं बघणं चालू आहे. वय ३१, आयटीत, ऑफिस लोअर परळला. मागच्या रविवारी ठाण्याला मुलगी बघायला गेलो. मुलगी सीए, चांगल्या ठिकाणी नोकरी. पोहे झाले, चहा झाला, मग आईने नेहमीचं वाक्य टाकलं, "तुला काही विचारायचं असेल तर मोकळेपणाने विचार हो." आतापर्यंतच्या मुलींनी घर स्वतःचं आहे का, परदेशी जायचा विचार आहे का, असलं काही विचारलं होतं. हिने भावाकडे बघून विचारलं, "मला सव्वीस आठवडे रजा मिळते. सत्ताविसाव्या आठवड्यात बाळाकडे कोण?"

भाऊ माझ्या तोंडाकडे बघायला लागला. आई म्हणाली, "अगं, आम्ही आहोत ना!" तर ती शांतपणे म्हणाली, "काकू, तुम्ही आहात हे चांगलंच आहे. पण मी यांना विचारलं."

रिक्षात बसेपर्यंत निकाल लागला होता. आईच्या मते मुलगी आगाऊ. मामाच्या मते हे लग्न नाही, करारनामा आहे. माझी बायको घरी आल्यावर एवढंच म्हणाली की मला हे तेव्हा सुचलं असतं तर बरं झालं असतं. (आम्हाला चार वर्षांचा मुलगा आहे. पुढचं तुम्ही समजून घ्या.) बाबा अजून काही बोललेले नाहीत.

तुम्हाला काय वाटतं? पहिल्याच भेटीत हे विचारणं बरोबर का? आणि भावाने उत्तर काय द्यायला हवं होतं? मुंबईचा हिशोब धरून सांगा. सकाळी आठला बाहेर आणि रात्री नऊला घरात, असा माणूस खरं काय उत्तर देणार?

---

घाटकोपर_स्लो

पयला प्रतिसाद माझा!

भावाला सांगा लगेच होकार कळव. कळवायचा नसेल तर मुलीचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

दादर_पश्चिम_काका

वाचून गंमत वाटली. आमचा कार्यक्रम १९८४ सालचा. आम्ही विचारलं होतं, स्वयंपाक येतो का, आणि तिकडून विचारलं होतं, नोकरी पर्मनंट आहे का. दोन्ही उत्तरं हो होती, लग्न झालं, चाळीस वर्षं झाली.

भांडुपकर, तुमच्या भावाला दोष देऊ नका. मी ओव्हरटाइम करून बोरिवलीला वन रूम किचन घेतलं. पोरं झोपलेली असताना निघायचो आणि पोरं झोपल्यावर यायचो. आता नव्या लोकांच्या भाषेत मी म्हणे 'गैरहजर बाप'. अहो, मग हप्ते कोण भरत होतं? शाळेच्या फिया कोण भरत होतं? पैसा आणणं हेसुद्धा मुलं वाढवणंच आहे. ते कोणी मोजत नाही, कारण ते दिसत नाही.

बाकी मुलीने विचारलं त्यात गैर काही नाही. फक्त सासूला तसं तोडायला नको होतं.

---

सहाची_शिफ्ट

काका, ओव्हरटाइमचं मान्य. पण आता बाईही पैसा आणते आणि हप्त्यात तिचाही वाटा असतो, तरी पोरांकडे कोण, हा प्रश्न तिच्याकडेच राहिला. धाग्यातल्या मुलीने तेवढाच तर उचलून समोर ठेवला.

आमचं सांगते. मी नर्स, नवरा बसवर ड्रायव्हर. घरात मोठं माणूस कोणी नाही. सासूबाई गावी, माझी आई भावाकडे. मुलगी झाली तेव्हा पाळणाघराचा हिशोब केला आणि सरळ दोघांनी उलट्या ड्युट्या लावून घेतल्या. मी सकाळी तर तो दुपारी, माझी नाइट असेल तर त्याची पहिली गाडी नाही. फ्रिजच्या हँडलला दोरीने वही बांधली होती. 'दूध १२० मिली, ११ वा. शी पातळ. तापाचं औषध ९.१५ ला दिलंय, ३ च्या आधी देऊ नकोस. आमटीत मीठ नाही.' प्रेमपत्रं वगैरे नाही, आमची सगळी पत्रं ही अशी.

आता त्याची बाजूपण सांगते. चाळीतल्या बायका त्याला केस विंचरताना बघून हसायच्या. डेपोत मित्र म्हणायचे, बायको पगार जास्त आणते वाटतं. लसीला तो एकटा घेऊन गेला तर नोंद घेणारी म्हणाली, बाळाच्या आईला पाठवा. वही त्याच्या हातात, तारखा त्याला पाठ, आणि ही म्हणते आईला पाठवा! तेव्हा बाप करत नाही म्हणून ओरडायचं असेल तर जो करतो त्याला जरा करूही द्या.

तोटा काय झाला तर नवरा-बायको म्हणून आम्ही दोघं रविवारीच भेटायचो. तेही दर रविवारी नाही.

---

अजून_एकटाच

इथे सगळे मुलीला डोक्यावर घेणार हे माहीत होतंच. एक मुलाची बाजूपण ऐका.

वय ३४, गिरगावात पागडीची खोली, नोकरी ठीक. आजवर जितक्या स्थळांशी बोलणं झालं, पहिला प्रश्न एकच: स्वतःचा फ्लॅट आहे का? सेंट्रलला की वेस्टर्नला? टू बीएचके का? एका ठिकाणी तर मुलीच्या वडिलांनी बायोडेटा बघून विचारलं, "खोली म्हणजे नक्की किती स्क्वेअर फूट?" संडास बाहेर आहे म्हटल्यावर फोनच ठेवला.

म्हणजे दीड कोटीचं घर मुलाने घ्यायचं, वीस वर्षांचं कर्ज त्याने काढायचं, आणि वर सहा महिने बिनपगारी घरी बसायचं? हप्ता कोण, बँकेचा मॅनेजर भरणार? आधी मुलींनी 'घर हवं' ही अट सोडावी, मग रजेचं बघू.

---

वकीलीणबाई

@अजून_एकटाच, तुमचा राग समजतो आणि त्यात तथ्य आहे. घर मुलाचंच असावं ही अपेक्षा आणि मूल आईचंच ही अपेक्षा, या दोन्ही एकाच कारखान्यातून निघालेल्या आहेत. एक ठेवून दुसरी सोडता येत नाही, हे मुलींच्या वडिलांनाही कोणीतरी सांगायला हवं.

आता कायद्याचं थोडं. धाग्यात गोंधळ नको.

आईला २६ आठवडे, हे २०१७ च्या दुरुस्तीनंतर. आधी १२ होते. पहिल्या दोन मुलांपर्यंत २६, तिसऱ्यापासून १२. त्याच दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय सक्तीची केली, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा दिली.

बापाचं काय? केंद्र सरकारी नोकराला १५ दिवस. दोनपेक्षा कमी मुलं हयात असतील तर, आणि बाळंतपणाच्या आधीपासून ते नंतर सहा महिन्यांपर्यंत कधीही घेता येते. खाजगी नोकरीत सक्ती करणारा कायदा नाही. कंपनी देईल ती रजा. आपल्याच हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व रजेचं खाजगी विधेयक मांडलं होतं. त्यात १५ दिवस आणि पुढे तीन महिन्यांपर्यंत वाढवण्याची तरतूद होती. कायदा झाला नाही.

यातली विसंगती बघा. हिंदू अज्ञानत्व (म्हणजे अल्पवयीन असणं) व पालकत्व कायदा १९५६ सालचा. त्यात नैसर्गिक पालक म्हणजे बाप आणि 'त्याच्यानंतर' आई. १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, बाप प्रत्यक्षात मुलाकडे बघत नसेल तर तो हयात असतानाही आई पालक होऊ शकते. म्हणजे कागदावर पहिला मान बापाचा, आणि रजा द्यायची वेळ आली की तो जणू शेजारचा. कागदावरचा मान आता थोडा बदलतोय. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम सक्तीचा केला आहे. रजेच्या बाजूने मात्र कोणी हललेलं नाही.

---

मामा_पुणेकर

म्हणजे शेवटी काय, मुंबईला राहूच नये. पुण्यात या.

---

घाटकोपर_स्लो

@मामा_पुणेकर: हिंजवडीत अडकलेला माणूस किती वाजता घरी येतो ते आधी सांगा.

---

लालबाग_ते_गुहागर

दादरकर काकांचं वाचून लिहावंसं वाटलं.

मुंबईतला बाप घरी नसतो, ही लोकलने किंवा आयटीने आणलेली गोष्ट नाही. आमच्या कोकणात बाप म्हणजे मुंबईत असलेला माणूस. माझे बाबा गिरणीत. लालबागला एका खोलीत गावचे लोक एकत्र राहायचे. दिवसपाळीवाले उठले की त्यांच्याच वळकटीच्या जागी रात्रपाळीवाले झोपणार. जेवण खानावळीत. आई आणि आम्ही तिघं गावी. बाबा गणपतीला यायचे, जमलं तर शिमग्याला. येताना खोबरेल तेलाचा डबा, बिस्किटं आणि गिरणीतला कापडाचा तागा. दर महिन्याला मनिऑर्डर. तिच्या कूपनवर चार ओळी मावायच्या, त्यात तिघांची नावं बसवायचे. पोस्टमन आला की आई ते कूपन फाडून डब्यात ठेवायची.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. काही महिन्यांनी बाबा गावी आले ते राहायलाच. मी दहा वर्षांचा. लोक संपाबद्दल पुष्कळ लिहितात, पण घराघरात काय झालं ते कमी लिहितात. आमच्या घरात एक अनोळखी पुरुष राहायला आला होता. त्यांना माहीत नव्हतं मी कितवीत आहे. आईला विचारल्याशिवाय त्यांना चहाची पावडर सापडायची नाही आणि विचारायची लाज वाटायची. आम्ही बाहेरच्या पडवीत असलो की ते आत जायचे, आत गेलो की बाहेर यायचे. धाकटी बहीण तर रडायची, हे परत कधी जाणार म्हणून. ते तिने त्यांच्यासमोर विचारलं होतं.

वर्षभराने ते तिला सायकलवरून शाळेत सोडायला लागले होते. कसं जमलं ते मला सांगता येणार नाही. एकाच घरात रोज दिसत राहिले, बहुधा एवढंच. उपदेश करून काही झालं नाही, एवढं नक्की.

काका, पैसा आणणं मोजायला हवंच. आमची मनिऑर्डर थांबली तेव्हा काय झालं ते आम्ही भोगलंय. पण त्या बदल्यात काय गेलं, तेही त्याच वहीत लिहायला पाहिजे.

---

दादर_पश्चिम_काका

@लालबाग_ते_गुहागर, प्रतिसाद आवडला. माझ्या थोरल्याशी माझं बोलणं अजूनही 'जेवलास का' आणि 'गाडी कितीची' एवढंच होतं. असो.

---

माई_मुलुंड

मी रोज वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

सत्ताविसाव्या आठवड्यात कोण, याचं उत्तर भांडुपकरांच्या मातोश्रींनी दिलंच की, "आम्ही आहोत ना." अख्खी मुंबई या उत्तरावर चालली आहे. सीएसएमटीपासून बदलापूरपर्यंत जेवढी जोडपी नोकरीला जातात, त्यांच्यामागे एकेक आजी उभी आहे. आणि या धाग्यावर इतकी चर्चा झाली, रजा आईची, रजा बापाची, पण आजीच्या रजेचं एकाही सुनेला किंवा लेकाला सुचलं नाही.

मी ५८ ला निवृत्त झाले. ठरवलं होतं की पेटी परत काढायची, मैत्रिणींबरोबर नर्मदा परिक्रमा करायची, निदान गाडीने तरी. ५९ व्या वर्षी नातू झाला. आता तो साडेतीनचा. सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसात ड्युटी, शनिवारी हाफ डे. गुडघ्याचं ऑपरेशन शाळेच्या सुट्टीत बसवायचं ठरलंय. नातवावर जीव आहे, तो मुद्दाच नाही. तो झोपला की मी त्याच्याकडे बघत बसते. पण एकदा तरी लेकाने विचारावं ना, "आई, तुला जमेल का?" आमच्याकडे विचारलं नाही, गृहीत धरलं. आणि मीही हो म्हटलं नाही, फक्त नाही म्हटलं नाही.

त्या ठाण्याच्या मुलीने भांडुपच्या आजीला सोडवायचा प्रयत्न केला होता. आजीला मात्र तिचाच राग आला!

---

सहाची_शिफ्ट

माई, __/\\__

---

अजून_एकटाच

माई, पटलं. माझी आई एवढ्यातच म्हणत होती की तुझं लग्न झालं की मी मोकळी. कशातून मोकळी होणार ते तिला सांगावं की नाही कळत नाही.

---

आकडेमोड

कोणीतरी आकडे आणायला हवेत म्हणून. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळेच्या वापराच्या सर्वेक्षणात, घरातलं बिनपगारी काम दिवसभरात जराही केलं असे पुरुष २६ टक्क्यांच्या आसपास निघाले, बायका ८१ टक्के. जे करतात त्यांचा सरासरी वेळ: बायका २९९ मिनिटं, पुरुष ९७ मिनिटं.

गंमत दुसऱ्या आकड्यात नाही, पहिल्यात आहे. चारातले तीन पुरुष त्या दिवशी शून्य मिनिटं. आता यातले सगळे काही विरार लोकलला लटकलेले नसणार. गावात शेत घराला लागून असलेलेही त्यात आहेत, आणि घराखाली दुकान असलेलेही. लांबचा प्रवास हे खरं कारण आहे, नाही असं नाही. पण मुंबईतल्या पुरुषाला ते सोयीचंही पडतं. रविवारी लोकल नसते, मेगाब्लॉक असतो, तेव्हाचं काय?

---

घाटकोपर_स्लो

रविवारी क्रिकेट असतं.

---

भांडुपचा_मोठा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. अपडेट देतो.

माईंचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. (कुठला धागा ते सांगितलं नाही.) ती ऐकत होती, मग म्हणाली, "या बाईंना वेळ बरा मिळतो लिहायला." नंतर अर्ध्या तासाने भाजी निवडताना म्हणाली, "माझेही गुडघे दुखतात, पण ते तिला कशाला कळायला हवं होतं?" याचा अर्थ लावतोय.

बाबा शेवटी बोलले. "तिने चुकीचं काय विचारलं? आपल्याकडे उत्तर नव्हतं म्हणून राग आला." आणि पेपर उघडला.

भावाने ऑफिसात चौकशी केली. पितृत्व रजा पाच दिवस, तीही मॅनेजरच्या सोयीने. त्याच्याच टीममधल्या एकाने बाळ झाल्यावर पाच दिवस घेतली तर तिसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले होते. घरून काम आठवड्यात दोन दिवस मिळतं. त्याने ते सगळं लिहून मुलीला मेसेज केला आणि विचारलं की आपण दोघंच भेटू का, मोठी माणसं न घेता. ती म्हणाली, बघते. पुढचं घडलं तर सांगेन, नाही तर तोही त्यांचाच विषय.

---

साइन_ऑफ

माझा नवरा मर्चंट नेव्हीत. आम्ही वसईला. आमच्याकडे प्रश्नाचं उत्तर कॅलेंडरवर असतं: सहा महिने बाप नाही, नंतरचे काही महिने बापच बाप.

तो घरी असतो तेव्हा डबा तो करतो, शाळेत तो सोडतो, बिल्डिंगखाली दुपारी तीनला मुलांबरोबर तोच एकटा पुरुष. वॉचमनने मला हळूच विचारलं होतं, "साहेबांची नोकरी गेली का?" आणि जहाजावर गेला की मी एकटी. नेटवर्क मिळालं तर व्हिडिओ कॉल. मुलगा लहान असताना एकदा बाबा आला तर मुलाने मोबाइल उचलून त्यात बाबा शोधला.

पण एक बघितलंय. सलग महिने पूर्णवेळ घर सांभाळलेल्या पुरुषाला ते काम काय असतं हे समजावून सांगावं लागत नाही. माझ्या बहिणीचा नवरा रोज साडेआठला घरी येतो, सगळे म्हणतात किती घरातला माणूस, पण मुलाचा युनिफॉर्म कुठल्या कप्प्यात असतो ते त्याला आजही माहीत नाही. भांडुपकर, भावाला पाच दिवसांत अडकू नका म्हणावं. साठवलेली रजा एकरकमी काढून अठ्ठाविसाव्या आठवड्यात महिनाभर बाळाबरोबर एकट्याने राहा म्हणावं. बायको ऑफिसला, सासू देवदर्शनाला. त्यानंतर त्याला काही शिकवायला लागणार नाही.

---

शून्य_अधिक_दोन

थोडं अवांतर. सगळे 'मूल झाल्यावर' म्हणताहेत. आम्ही दोघांनी ठरवलंय, मूल नको. याबद्दल बैठकीत विचारलं असतं तर रिक्षापर्यंतही जाऊ दिलं नसतं.

याच मुंबईत र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं, नोकरी गेली तरी मागे हटले नाहीत. शंभर वर्षं उलटली, महाराष्ट्राचा जननदर १.७ वर आला (२०१९-२१ चं कुटुंब आरोग्य सर्वेक्षण), आणि सोसायटीच्या हळदीकुंकवात अजून विचारतात, "काही प्रॉब्लेम आहे का?" प्रॉब्लेम नाही हो. नको आहे.

---

दादर_पश्चिम_काका

@शून्य_अधिक_दोन, म्हातारपणी काय करणार?

---

शून्य_अधिक_दोन

काका, वर तुम्हीच लिहिलंय, "जेवलास का आणि गाडी कितीची." तेवढं आम्ही एकमेकांशी बोलू.

---

दादर_पश्चिम_काका

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

संपादक_मंडळ

वैयक्तिक शेरे टाळा. मूल हवं की नको यावर वेगळा धागा काढता येईल. इथे मूळ विषयावरच.

---

दर_दुसरा_शनिवार

मी घटस्फोटित, मुलगी सात वर्षांची. ताबा आईकडे, माझ्याकडे महिन्यातून दोन शनिवार-रविवार आणि अर्धी सुट्टी. भांडण संपलंय, त्यावर काही लिहायचं नाही.

एकच निरीक्षण. मुलीबरोबर एकटा फिरणारा पुरुष दिसला की लोक दोन तर्क करतात, बायको वारली किंवा बायको पळून गेली. राणीच्या बागेत एका बाईंनी मला जबरदस्तीने डब्यातले पराठे दिले होते. आणि मॉलमध्ये, चौपाटीवर मुलीला बाथरूमला न्यायचं कुठे? लेडीजमध्ये मी जाऊ शकत नाही, जेंट्समध्ये तिला नेववत नाही. मी दारात उभा राहून कुठल्यातरी अनोळखी ताईंना विनंती करतो, जरा बघाल का. आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. पण हे प्रत्येक वेळी करायचं म्हणजे बाहेर जायचं ठिकाण बाथरूम बघून ठरवावं लागतं. शहर बांधताना मुलाबरोबर आई असणार हे गृहीतच धरलंय.

---

कांजूर_अंधेरी

वरचा बाथरूमचा मुद्दा +१००. आता पाळणाघराचं सांगतो, कारण वकीलीणबाईंनी ५० कर्मचाऱ्यांचा नियम लिहिलाय आणि त्याखाली बापही सोय मागू शकतो हे बहुतेक बापांना माहीतच नसतं.

माझ्या ऑफिसात पाळणाघर आहे, बायकोच्या नाही. मी अर्ज केला तर एचआरने सांगितलं, ही सोय महिला कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी. मी कायदा काढून वाचला. चार वेळा भेट द्यायची मुभा बाईला, हे स्पष्ट लिहिलंय. पण ५० चा आकडा मोजताना सगळे कर्मचारी मोजतात, पुरुषही. मग म्हटलं, मोजताना मी चालतो तर माझी मुलगी का चालत नाही? लेखी मागितलं की नकार लेखी द्या. लेखी नकार आला नाही, दोन महिन्यांनी हो आलं. भांडलो नाही, फक्त ईमेलवर राहिलो. तोंडी बोलणं टाळा, हा माझा सल्ला.

मुलगी आता दोन वर्षांची. रोज कांजूरमार्ग ते घाटकोपर लोकल, पुढे मेट्रोने अंधेरी. लोकलमध्ये आईबरोबर बारा वर्षांच्या आतला मुलगा लेडीज डब्यात चालतो, पण मुलीबरोबर बाप आला तर त्याला जनरलच. पहिले काही दिवस हाल झाले. मी तिला पुढे बांधून दारापासून आत सरकायचो आणि लोक ओरडायचे, "अरे, पोरगं घेऊन आलाय, वेडा आहे का?" नंतर एक भजनवाला ग्रुप मिळाला. ते सरकून जागा देतात, मुलीच्या हातात टाळ देतात, ती भलत्याच वेळी वाजवते. एक काका तिच्यासाठी राजगिऱ्याची चिक्की आणतात. गोड देऊ नका सांगून दमलो.

---

सहाची_शिफ्ट

छान वाटलं वाचून. पण एक बोचतं तेवढं बोलते. हीच मुलगी आईबरोबर लेडीज डब्यात आली असती तर कोणी चिक्की दिली नसती, उलट म्हटले असते, पिक अवरला पोर घेऊन कशाला चढता. बापाचं कौतुक लगेच होतं.

---

कांजूर_अंधेरी

खरं आहे. बायकोही हेच म्हणते, अगदी याच शब्दांत. तिने तीन महिने नेलं तेव्हा तिला एकदाही कोणी विचारलं नाही की कशी नेतेस.

---

अजून_एकटाच

@कांजूर_अंधेरी, पण सकाळच्या गर्दीत जागा मिळते कशी? मुलुंडहून येणारी स्लो कांजूरला येईपर्यंत पायदान दिसत नाही. भविष्याच्या दृष्टीने विचारतोय. (वर लिहिलंय तेच, लग्न अजून जमलेलं नाही.)

---

कांजूर_अंधेरी

उलटं जायचं. कांजूरहून सव्वासातच्या आसपास डाऊन (ठाण्याकडे जाणारी) स्लो पकडतो, ती रिकामी असते. ठाण्याला उतरायचं, ठाण्याहून सुटणारी स्लो लागलेली असते तिच्यात बसायचं. खिडकी नाही मिळाली तरी चौथी सीट मिळते. अर्धाएक तास जास्त जातो, पण मुलगी तेवढ्यात केळं खाऊन घेते. पावसाळ्यात छत्री नको, दोघांना पुरेल असा रेनकोट घ्या, हात मोकळे राहतात. आणि पास ठाण्यापासूनचा काढा, कांजूरचा काढून उलटं गेलात तर टीसी सोडत नाही. मुलाचं तिकीट पाच वर्षांपर्यंत लागत नाही.